हौशी यंत्रमानव (घरगुती बांधणी)

हौशी यंत्रमानव : शिकण्याच्या आवडीपोटी, मोजक्या सुट्या भागांतून घरी बांधलेले स्वयंचलित यंत्र. भोवतालची एखादी गोष्ट ओळखायची, तिच्यावरून निर्णय घ्यायचा आणि त्याप्रमाणे हलायचे, ही कामे ते आपली आपण करते. रिमोटवर धावणारी खेळण्यातली गाडी यात मोडत नाही. तिचा निर्णय माणूस घेतो. मेंदूचे अभ्यासक ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ मध्ये ब्रिस्टल येथे बनवलेली, उजेडाकडे सरकणारी ‘कासवे’ ही या प्रकाराची सुरुवातीची उदाहरणे. २००५ मध्ये इटलीतील इव्हरेआ येथे अर्दुइनो बोर्ड (प्रोग्रॅम भरून मोटरी, सेन्सर चालवता येणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी) तयार झाला आणि हा छंद शाळकरी मुलांच्या आवाक्यात आला.

सांगली परिसराला यंत्रांची ओळख जुनी आहे. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा, सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे; शिवाय कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहती. वर्कशॉपात काम करणारे कोणी ओळखीचे असले, तर मोटर बसवायची पट्टी वाकवून, भोके पाडून मिळते. गावात न मिळणारे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणता येतात किंवा ऑनलाइन मागवता येतात.

आखणीत आधी ठरवावे ते काम आणि फरशी. भागांची यादी त्यानंतर. पहिल्या यंत्राला रेषेवरून चालण्याचे काम उत्तम, कारण त्यात यंत्रमानवाची सगळी अंगे येतात आणि चूक लगेच डोळ्यांना दिसते. रेषेसाठी काळी इन्सुलेशन टेप चालते. घरात शहाबादी फरशी असेल तर काळी टेप तिच्यावर उठून दिसत नाही. तेव्हा पांढरे चार्टपेपर जोडून त्यावर टेप लावावी.

सांगाड्याला प्लायवूड किंवा सनबोर्ड (फोमचा हलका, जाड तक्ता) पुरतो. मागे गिअरच्या दोन पिवळ्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या) मोटरी, पुढे एक कॅस्टर, म्हणजे कोणत्याही दिशेला वळणारे, चाक. ६५ मिलिमीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे २० सेंटिमीटर जाते, म्हणजे मिनिटाला १०० फेऱ्यांची मोटर सेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर पळवते. नवशिक्याला हा वेगही जास्तच वाटतो. वळणावर गाडी रेष सोडते, म्हणून प्रोग्रॅममधून वेग कमी करावा लागतो.

सर्वाधिक यंत्रे अडतात ती विजेपाशी. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरींना लागणारा प्रवाह देऊ शकत नाही. चाके थरथरतात, बोर्ड पुन्हापुन्हा सुरू होतो आणि दोष मात्र प्रोग्रॅममध्ये शोधला जातो. १८६५० आकाराचे दोन लिथियम सेल एकामागे एक जोडले की ७.४ व्होल्ट मिळतात. एल२९८एन या प्रचलित मोटर ड्रायव्हरमध्ये (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरींना बॅटरीची वीज देणाऱ्या भागात) त्यातले सुमारे दोन व्होल्ट खर्ची पडतात, तरी उरलेल्यावर बीओ मोटर नीट चालते. बोर्ड, ड्रायव्हर आणि बॅटरी यांचा ग्राउंड (ऋण टोक) एकत्र जोडलेला हवा. ही एक वायर राहिली की मोटरी मनाला येईल तशा फिरतात.

रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक इन्फ्रारेड सेन्सर (डोळ्यांना न दिसणारे किरण सोडून ते परततात का हे ओळखणारा भाग), जमिनीपासून सुमारे एक सेंटिमीटर उंचीवर बसवतात. पांढरा कागद किरण परतवतो, काळी टेप शोषते. डाव्या सेन्सरला काळे दिसले की डावी मोटर थांबवायची, उजव्याला दिसले की उजवी. दोन्हींना पांढरे दिसले की सरळ. सेन्सरवरचा बारीक स्क्रू फिरवून, खालून टेप सरकवत, सेन्सरच्या पट्टीवरचा दिवा नेमका टेपेवर बदलेल असे जुळवावे. या जुळवणीत घाई करू नये. निम्मे यश इथेच असते. खिडकीतून येणाऱ्या उन्हातही इन्फ्रारेड असते, त्यामुळे सकाळी जुळवलेले यंत्र दुपारी भरकटू शकते. सेन्सरभोवती काळ्या कागदाची झालर लावली की बरेचसे भागते.

पहिली चाचणी जमिनीवर नको. सांगाडा डब्यावर ठेवून चाके अधांतरी फिरवावीत. एखादे उलटे फिरल्यास त्या मोटरीच्या दोन वायरी अदलाबदल कराव्यात. लिथियम सेल त्यांच्याच चार्जरवर, कोणी घरात जागे असताना चार्ज करावेत. एका सेलचा व्होल्टेज ४.२ च्या वर जाऊ देऊ नये. फुगलेला किंवा वेष्टन फाटलेला सेल पुन्हा वापरू नये.