अशोक स्तंभावरून चौथं दुकान

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप रात्रभर चालू राहिला. प्रोग्राम अगदी छोटा, दोन मॅट्रिक्सचा गुणाकार. तो तिने रिस्क-फाइव्ह जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिला होता आणि तसा प्रोसेसर हाताशी नसल्यामुळे 'स्पाइक' नावाच्या सिम्युलेटरवर चालवत होती. आदल्या दिवशी हाच प्रोग्राम क्षणात संपला होता. मग फाइल लहान व्हावी म्हणून तिने 'स्ट्रिप' ही कमांड दिली, आणि तेव्हापासून तो संपेचना. सकाळी गंगापूर रोडवरच्या खोलीवरून तिचा फोन आला, "सर, कोडची एक ओळसुद्धा बदलली नाही. फक्त फाइल छोटी केली."

तिने कोडला हात लावला नव्हता हे खरंच होतं. तिने काढून टाकली होती ती नावं.

सिम्युलेटर म्हणजे काय हे नाशिककराला सांगायला 'मेरी'चं उदाहरण पुरतं. दिंडोरी रोडवरच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत धरणाच्या सांडव्याची लहान प्रतिकृती बांधून तिच्यावर पाणी सोडून पाहतात. खरं धरण बांधण्याआधी पाणी कुठे उसळतं, कुठे माती खातं ते कळावं म्हणून. संगणकाची अशी प्रतिकृती सॉफ्टवेअरमध्ये करतात. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, घड्याळ सगळं खोटं, पण वागणं खऱ्यासारखं. 'क्यूएमू' हा २००३ साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला सिम्युलेटर वेगासाठी ओळखला जातो. 'जेम-फाइव्ह' त्याच्या अगदी उलट, प्रोसेसरला दिलेल्या एकेका सूचनेला, म्हणजे आज्ञेला, किती वेळ लागला याचा हिशेब ठेवणारा आणि म्हणून फार हळू. मिशिगन विद्यापीठाचा 'एम-फाइव्ह' आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाचा 'जेम्स' एकत्र करून तो तयार झाला, त्यावरचा लेख २०११ मध्ये आला. नवा प्रोसेसर प्रत्यक्ष चिपवर उतरवण्याआधी त्याची परीक्षा अशा यंत्रांवर होते.

या यंत्रात सगळ्यात आधी कर्नल भरावा लागतो. (देवळालीच्या तोफखान्यामुळे आपल्याकडे कर्नल म्हटलं की गणवेश डोळ्यांसमोर येतो. इथे अर्थ ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा.) खऱ्या संगणकात वीज आली की आधी चिपमधला प्रोग्राम जागा होतो, तो बूटलोडरला उठवतो, बूटलोडर डिस्कवरून दाबून बसवलेला कर्नल आणतो, मग तो उलगडतो. सिम्युलेटर ही सगळी वाट गाळू शकतो. त्याच्या दृष्टीने मेमरी म्हणजे बाइट्सची एक लांब रांग, आणि ती त्याच्याच हातात असते. फाइलीतून उचलायचं, योग्य जागी ठेवायचं, प्रोसेसरला 'इथून सुरू कर' म्हणायचं.

ती फाइल 'ईएलएफ' या बांधणीची असते. तिचा पहिला बाइट १२७ हा आकडा आणि पुढचे तीन म्हणजे ई, एल, एफ ही अक्षरं. आत कर्नलचे तुकडे असतात, आणि प्रत्येक तुकड्यावर लिहिलेलं असतं: फाइलीत किती बाइट, मेमरीत किती बाइट, कुठल्या पत्त्यावर. मेमरीतला आकडा मोठा असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरायची. रिस्क-फाइव्हच्या बहुतेक प्रतिकृतींमध्ये मेमरी २ जीबीच्या पत्त्यापासून सुरू होते. तिथे आधी एक छोटा मदतनीस प्रोग्राम आणि त्याच्यापुढे २ एमबीवर लिनक्सचा कर्नल, असा प्रघात आहे.

बूटलोडर गाळला तरी त्याचं एक काम गाळता येत नाही. मेमरी किती, सिरियल पोर्ट कुठे, डिस्क कुठली हे कर्नलला तोच सांगायचा. आता ही माहितीची चोपडी, जिला 'डिव्हाइस ट्री' म्हणतात, सिम्युलेटरने मेमरीत ठेवावी लागते आणि तिचा पत्ता एका ठरलेल्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या आकडा ठेवायच्या छोट्या कप्प्यात) घालावा लागतो. तो चुकला तर कर्नल पहिल्याच काही पावलांत गप्प होतो. अक्षरही न उमटवता.

आता नावं. प्रोसेसरला ती लागतच नाहीत. त्याला फक्त आकडे कळतात: या पत्त्यावर जा, तिथलं उचल, तिकडे ठेव. पण फाइल तयार होताना तिच्या शेवटी एक तक्ता जोडला जातो, सिम्बॉल टेबल. ६४ बिटांच्या फाइलीत त्याची प्रत्येक नोंद २४ बाइटांची असते: नाव कुठे लिहिलं आहे, ते फंक्शनचं (एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचं) आहे की साठवलेल्या माहितीचं, पत्ता कोणता, लांबी किती. स्ट्रिप केल्यावर हा तक्ता जातो आणि प्रोग्राम पूर्वीसारखाच चालतो. म्हणूनच तो फालतू वाटतो.

पण स्पाइकवर एकट्याने चालणाऱ्या प्रोग्रामला 'मी संपलो' असं सांगायला ऑपरेटिंग सिस्टिमच नसते. त्यासाठी एक संकेत आहे. मेमरीत 'टूहोस्ट' नावाची एक जागा ठेवायची, काम झालं की तिथे आकडा लिहायचा. सिम्युलेटर त्या जागेवर डोळा ठेवून असतो, आणि ती जागा कुठे आहे हे तो सिम्बॉल टेबलमध्ये पाहतो. तक्ताच नसेल तर तो पाहणार कुठे? तिचा गुणाकार क्षणात झाला होता, आकडाही लिहिला गेला होता, आणि रात्रभर कोणी तो वाचला नाही. हे नाव सापडलं नाही असा इशारा स्पाइकने अगदी सुरुवातीला दिला होता. तोही कोणी वाचला नाही.

नावावरून पत्ता काढणं सोपं. मला जास्त रस वाटतो तो उलट्या प्रवासात. सिम्युलेटर थांबला आहे, प्रोसेसर एका पत्त्यावर उभा आहे. हा पत्ता कशाचा? तो नेमका फंक्शनच्या पहिल्या बाइटावर असण्याची शक्यता जवळपास नसते. आपल्या नाशकात कोणी "कुठे आहेस?" विचारलं तर आपण काय सांगतो? "अशोक स्तंभावरून पुढे, चौथं दुकान." मागची सगळ्यात जवळची ओळखीची खूण आणि तिथपासूनचं अंतर. सिम्युलेटरही तेच करतो: पत्त्याच्या मागचं सगळ्यात जवळचं नाव आणि अधिक इतके बाइट. लिनक्सच्या कर्नलमध्ये अशी नावं लाखाच्या घरात असतात, पण पत्त्यांच्या क्रमाने लावून ठेवली की दर वेळी निम्मी वगळत १७ पायऱ्यांत हवं ते सापडतं. प्रत्येक सूचनेमागे १७ पायऱ्याही जड होतात, म्हणून सापडलेल्या फंक्शनची सुरुवात आणि पुढच्याची सुरुवात लक्षात ठेवतात. प्रोसेसर त्या दोन खुणांच्या मध्ये असेपर्यंत पुन्हा शोधायचंच नाही.

या पद्धतीत एक धोका आहे. ती कधीच 'माहीत नाही' म्हणत नाही. मुंबई नाक्यावरून पुढे दीडशे किलोमीटर, असं उत्तर ती बिनदिक्कत देते. कर्नल चालू झाल्यावर मागाहून भरलेले ड्रायव्हर दूरच्या पत्त्यांवर बसतात आणि मूळ तक्त्यात त्यांची नावं नसतात. तिथला पत्ता विचारला तर शेवटचं नाव आणि अधिक एक भलामोठा आकडा असं काहीतरी मिळतं. नोंदीतली लांबी तपासली तर ही फसगत टळते.

नावांची पुनरावृत्तीही होते. त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडे वंशावळ पाहायला गेलं की ते आडनावाबरोबर गाव विचारतात, कारण नुसत्या 'पवार'वर कुठली वही काढायची? कर्नलमध्ये एकाच नावाची फंक्शन वेगवेगळ्या फाइलींत असू शकतात. ती त्या फाइलीपुरती 'स्थानिक' असतात, तर काही नावं साऱ्या कर्नलभर 'सार्वत्रिक'. तक्ता सांभाळणाऱ्याने हा भेद राखला नाही तर भलत्याच पवारांची वही उघडते. एआरएम प्रोसेसरच्या फाइलींत तर डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी नावं पेरलेली असतात. इथून सूचना, इथून माहिती, एवढंच ती सांगतात. ती वगळली नाहीत तर अनेक फंक्शनांचं नाव 'डॉलर-एक्स' निघतं.

आणि सगळ्यात चकवणारी गोष्ट, सरकलेला पत्ता. इंटेल जातीच्या ६४ बिटी यंत्रांवर लिनक्सची नावं पत्त्यांच्या अगदी शेवटच्या २ जीबीत लिहिलेली असतात, पण खऱ्या मेमरीत कर्नल साधारणपणे १६ एमबीच्या खुणेपाशी ठेवला जातो. कर्नल स्वतःची पत्ते बदलून देणारी व्यवस्था सुरू करेपर्यंत प्रोसेसर खऱ्या पत्त्यांवरच चालतो. त्या पहिल्या क्षणांत तक्ता उघडला तर काहीच जुळत नाही. म्हणून जेम-फाइव्हमध्ये तक्त्यातले सगळे पत्ते एका अंतराने सरकवण्याची आणि वरचे बिट झाकण्याची सोय आहे. २०१४ साली लिनक्स ३.१४ मध्ये, हल्लेखोराला पत्ते आधी कळू नयेत म्हणून, दर वेळी कर्नल वेगळ्याच जागी बसवण्याची युक्ती आली. तिच्यामुळे क्यूएमूवर डीबगर (प्रोग्राम हवा तिथे थांबवून आत पाहायचं साधन) लावणारे अनेक जण अडतात. 'इथे थांब' असं सांगितलेल्या जागी कर्नल येतच नाही, कारण सगळं शहरच सरकलेलं असतं. पण ते एकाच अंतराने सरकतं. एका नावाचा खरा पत्ता कळला की उरलेले सगळे वजाबाकीने मिळतात. शिकताना मात्र ही युक्ती कर्नलच्या कमांडलाइनवर (त्याला सुरू करताना दिलेल्या ओळीत) बंद करून ठेवावी हे बरं.

तक्ता नीट असेल तर सिम्युलेटर नुसता पाहत नाही, हस्तक्षेपही करतो. कर्नल यंत्रासाठी काही मायक्रोसेकंद थांबतो तेव्हा प्रोसेसर रिकामे फेरे मारतो. हे हजारो फेरे एकेक करून मोजण्यात जेम-फाइव्हचा वेळ फुकट जातो. म्हणून तो थांबण्याच्या फंक्शनचं नाव तक्त्यात शोधतो, तिथे पहारा बसवतो आणि प्रोसेसर तिथे आला की हिशेब करून त्याला तितका वेळ सरळ झोपवतो. कर्नलला पुढे जाणं अशक्य झालं की तो 'पॅनिक' हे फंक्शन बोलावतो, त्याच्यावरही असाच पहारा असतो.

पुढच्या महिन्यात तिने जेम-फाइव्हवर पूर्ण लिनक्स चालवायला घेतलं. या वेळी फाइल स्ट्रिप केलेली नव्हती. टर्मिनल मात्र कोरं. दोन तासांनी पॅनिकवरचा पहारा लागला, सिम्युलेटरने कर्नलच्या नोंदींची जागा नावाने शोधली आणि मेमरीतून त्या थेट एका फाइलीत उतरवल्या. कर्नल सगळं बोलत होता, फक्त कमांडलाइनवर कन्सोलचं (नोंदी उमटवायच्या जागेचं) नाव चुकल्यामुळे ते पडद्यावर येत नव्हतं. नोंदींची शेवटची ओळ होती, मूळ डिस्क जोडता आली नाही. डिस्कचंही नाव त्याच कमांडलाइनवर चुकलं होतं.