खानदेशातील बलुतेदारी आणि सालदारी

खानदेशच्या (आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) गावगाड्यात माणसाचा धंदा जातीने ठरे. त्या धंद्याचा मोबदला कोणत्या रूपात मिळायचा आणि तो किती अंतरावर उभे राहून घ्यायचा, हेही जातीनेच ठरे. या व्यवहाराची दोन रूपे होती: बलुते आणि साल.

सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, चांभार, महार, मांग हे बलुतेदार. वर्षभर गावाचे काम करायचे आणि ज्वारी-बाजरीची रास पडली की खळ्यावरून आपला वाटा न्यायचा. हा हक्क पिढीजात होता आणि पोटाला त्याचा आधारही होता. पण हक्काबरोबर पायरीही वारशाने येई. मोटेकडे, म्हणजे विहिरीतून पाणी उपसण्याच्या चामड्याच्या पिशवीकडे, पाहावे. तिचे कातडे चांभार शिवी, ती ओढण्याचा नाडा मांग वळी. त्या मोटेच्या पाण्यावर मळा पिके, पण गावच्या पाणवठ्याला त्या दोघांना शिवण्याची मुभा नसे. या अन्यायाला परंपरा म्हणून झाकू नये. कुंभाराची गोष्ट वेगळी. आखाजीला (अक्षय्य तृतीया) पितरांच्या नावाने घरोघर भरली जाणारी घागर त्याच्या चाकावरची, आणि ती थेट देवघरापर्यंत जाई.

पाटील-कुलकर्ण्यांचे वतन म्हणजे मान. महारांचे वतन म्हणजे वेसकरी (गावच्या वेशीची राखण), सांगावे पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, आणि हाक येईल तेव्हा हजर राहणे. या वतनांच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला.

भिल्ल बारा बलुत्यांत बसत नाहीत. सातपुड्याच्या घाटवाटांची राखण हा त्यांच्या नाईकांचा जुना हक्क होता. १८१८ नंतर इंग्रजी अंमल आला. १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभी करून त्यांना बंदोबस्ताला जुंपले गेले. तरी सेंधवा घाट राखणारे खाज्या नाईक १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. पुढे जंगल आणि जमीन दोन्ही हातून गेलेले अनेक भिल्ल सपाटीवर मजुरीला उतरले.

तिथे त्यांना साल मिळाले. सालदार म्हणजे आखाजी ते आखाजी एकाच शेतमालकाकडे बांधलेला गडी. बैलांची वैरण, नांगरट, रात्रीची राखण, सगळे त्याच्याकडे. सालाची रक्कम आखाजीला बोलून ठरते आणि काही उचल आधी हातात पडते. लग्न किंवा आजारपण निघाले की आणखी उचल घ्यावी लागते. ती फिटली नाही तर पुढचे सालही त्याच दारात. सालदारीला जातीची अट कधीच नव्हती. पण तापीकाठच्या सुपीक काळ्या जमिनी मुख्यतः लेवा पाटीदार, गुजर, मराठा अशा शेतकरी जातींकडे राहिल्या आणि सालदार बहुतांशी भिल्ल व दलित वस्त्यांतून आले.

रेल्वे आली, भुसावळ जंक्शन झाले, कापसाच्या जिनिंग आणि अमळनेरची प्रताप मिल उभी राहिली, तेव्हा रोख पगाराची वाट उघडली. इंजिन-पंपाने मोट संपवली आणि तिच्याबरोबर नाडाही गेला. घागर आता बाजारात पैसे मोजून मिळते. साल मात्र अजूनही आखाजीलाच ठरते.