व्होल्टेज कमी झालं की गीझर जास्त करंट खेचतो?

"व्होल्टेज पडलं की गीझर जास्त करंट ओढतो आणि बिल वाढतं," असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. भार असलेल्या पंपाच्या मोटरचा करंट तेव्हा खरंच वाढतो, म्हणून हे पटतं. पण गीझरची कॉइल म्हणजे जवळपास स्थिर रोध (करंटला होणारा अडथळा), त्यामुळे व्होल्टेज घटलं की करंटही घटतो.

230 व्होल्टला 2000 वॅट, म्हणजे 2000 ÷ 230 = 8.7 अँपिअर. रोध 230 ÷ 8.7, सुमारे 26.4 ओहम. आता 180 व्होल्ट: 180 ÷ 26.4 = 6.8 अँपिअर, आणि 180 × 6.8 = सुमारे 1225 वॅट. करंट घटला! पाणी तापायला वेळ मात्र जास्त लागतो, त्यामुळे युनिटं जवळपास तेवढीच.

पडताळायचं तर व्होल्टेज कमी असताना बाकी सगळं बंद ठेवून गार टाकी 15 मिनिटं तापवा. 2000 वॅटच्या गीझरला 180 व्होल्ट मिळत असतील तर मीटरवर 0.5 (230 व्होल्टला पडणारी भर) ऐवजी 0.3 युनिटच्या आसपास भर पडेल. मध्ये थर्मोस्टॅटने गीझर बंद केला तर मोजणी पुन्हा करा.