चिपट्यून : फॅमिकॉमच्या ध्वनिचिपवरील संगीत

जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांतील ध्वनिनिर्मिती करणाऱ्या चिपवर वाजणाऱ्या संगीताला चिपट्यून म्हणतात. निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये जपानमध्ये विक्रीस आणलेला फॅमिकॉम (परदेशी आवृत्ती ‘एनईएस’) हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याच्या रिको २ए०३ या चिपमध्ये पाचच ध्वनिवाहिन्या आहेत : दोन चौकोनी तरंगाच्या, एक त्रिकोणी तरंगाची, एक गोंगाटाची आणि एक ध्वनिमुद्रित नमुने वाजवणारी. हे संगीत खऱ्या अर्थाने उलगडते ते या वाहिन्या कानाने वेगळ्या करता येऊ लागल्यावर.

चौकोनी तरंगाची रुंदी (म्हणजे प्रत्येक आवर्तनात तरंग वरच्या पातळीवर राहतो तो भाग) बदलली की स्वराचा पोत बदलतो; १२.५ टक्के रुंदीला तो बारीक व टोकदार, तर ५० टक्क्यांना पोकळ ऐकू येतो. त्रिकोणी वाहिनीचा आवाज लहानमोठा करता येत नाही, ती केवळ चालू किंवा बंद होते. म्हणून तिच्याकडे बहुधा खर्जाचे काम येते, आणि तिचा स्वर झटकन खाली घसरवून ढोलाचा ठोकाही काढला जातो. एका वाहिनीवर एका वेळी एकच स्वर निघत असल्याने तीन स्वरांचा मेळ ऐकवायचा तर ते स्वर सेकंदाच्या साठाव्या भागाइतक्या वेगाने आळीपाळीने वाजवावे लागतात; त्यातून उमटणारी थरथर ही या संगीताची खूणच आहे. दुसऱ्या चौकोनी वाहिनीवर तीच धून किंचित उशिरा व कमी आवाजात वाजवून प्रतिध्वनीचा भास निर्माण करण्याची युक्तीही तितकीच सुंदर आहे. शिवाय उडी किंवा नाणे यांचे आवाजही याच वाहिन्या वापरतात, त्यामुळे खेळताना एखादा साथीचा स्वर क्षणभर गायब होतो.

कोनामी कंपनीच्या ‘अकुमाजो देन्सेत्सु’ (१९८९) या खेळाच्या कार्ट्रिजमधील (यंत्रात घालायच्या कॅसेटमधील) व्हीआरसी६ चिपने आणखी तीन वाहिन्या पुरवल्या. एनईएसमध्ये कार्ट्रिजमधील ध्वनीला वाट नव्हती, म्हणून परदेशी आवृत्तीचे संगीत मूळ पाच वाहिन्यांसाठी नव्याने बसवावे लागले. ही दोन रूपे लागोपाठ ऐकण्याइतका चांगला श्रवणाभ्यास क्वचितच मिळेल.

भारतात १९९० च्या दशकात अनेक घरांत पोहोचलेले टीव्ही व्हिडिओ गेम बहुतांशी फॅमिकॉमच्या नकला होत्या. अशा काही नकली चिपांमध्ये २५ व ५० टक्के रुंदीच्या तरंगांची अदलाबदल झालेली असते. त्यामुळे त्यांवर वाढलेल्या श्रोत्याला मूळ यंत्रावर तीच धून वेगळ्या पोताची वाटू शकते.