कूल (इंग्रजी शब्दाचे बोलीतील अर्थ)

कूल : ‘किंचित थंड’ हा मूळ अर्थ असलेला एक इंग्रजी शब्द. तो प्राचीन इंग्रजीपासून वापरात असून ‘कोल्ड’ आणि ‘चिल’ हे शब्द त्याच्याच कुळातले आहेत. विसाव्या शतकात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीतून त्याला ‘झकास’, ‘रुबाबदार’, ‘पसंत पडण्याजोगा’ असे अर्थ लाभले.

हे अर्थ एकाएकी उपटले नाहीत. हवेचा गारवा मनाला लावण्याची रीत फार जुनी आहे. ‘हॅम्लेट’ या शेक्सपिअरच्या नाटकात राणी आपल्या खवळलेल्या मुलाला, संतापाच्या ज्वाळांवर ‘कूल’ संयम शिंपड, असे विनवते. काकडीसारखा थंड ही उपमा जॉन गे या कवीच्या १७३२ मधील कवितेत येते. अठराव्या शतकातच मोठ्या रकमेमागे हा शब्द लावला जाऊ लागला. ‘कूल हंड्रेड’ म्हणजे चांगले रोख शंभर. एवढी रक्कम शांतपणे मोजून देणाऱ्याविषयीचे अप्रूप त्यामागे असावे. एकोणिसाव्या शतकात शांतपणाची दुसरी बाजू पुढे आली आणि जनाची-मनाची न ठेवता बिनदिक्कत वागणाराही ‘कूल’ ठरला. त्या काळी हे कौतुक नव्हते.

कौतुकाचा अर्थ नोंदला गेल्याचे एक ठळक उदाहरण म्हणजे झोरा नील हर्स्टन या लेखिकेची १९३३ मधील एक कथा. फ्लोरिडातील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत घडणाऱ्या या कथेत नायक गावात आलेल्या एका ऐटबाज माणसाचे वर्णन करताना, त्याच्याकडे पैसा साठलेला आहे हेच मुळी ‘कूल’ आहे, असे बायकोला सांगतो. येथे थंडपणाचा मागमूस उरलेला नाही.

शब्दाला खरी प्रतिष्ठा दिली ती जॅझ या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकारातील वादकांनी. १९२० च्या दशकात या संगीताची वाखाणणी ‘हॉट’ या शब्दाने होत असे. लुई आर्मस्ट्राँग या जॅझ वादकाच्या वाद्यवृंदाचे नावच ‘हॉट फाइव्ह’ होते. पुढे सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग याने सैल, हलक्या फुंकरीची, घाई नसलेली शैली रूढ केली. नव्या अर्थाचा प्रसार करण्याचे श्रेयही अनेकदा त्यालाच दिले जाते, मात्र बोलीतील शब्दाला एकच जनक शोधणे बहुधा व्यर्थ असते. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची ‘कूल ब्लूज’ ही रचना १९४७ ची. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९४९-५० मधील ध्वनिमुद्रणांचा संग्रह १९५७ मध्ये ‘बर्थ ऑफ द कूल’ या नावाने निघाला. ‘हॉट’ची जागा त्याच्या विरुद्धार्थी शब्दाने घेतली, हा योगायोग नव्हे. वर्णभेदाच्या राजवटीत अपमान गिळूनही चेहऱ्यावर काही न दिसू देणे हे कृष्णवर्णीय माणसासाठी जिवाच्या सुरक्षिततेचे साधन होते आणि स्वाभिमानाचेही. रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन या कलेतिहासकाराने १९७३ मध्ये या वृत्तीचा संबंध पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांच्या ‘इतुतू’ या सौंदर्यकल्पनेशी जोडला. त्या कल्पनेतही शीतलता आणि संयम एकत्र येतात; मात्र यावरून इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

१९५० च्या दशकात बंडखोर गोऱ्या तरुणांनी हा शब्द उचलला आणि तेथून तो जाहिरातींत व शाळकरी मुलांच्या तोंडी गेला. प्रसार वाढला तसा अर्थ पातळ झाला. ‘उद्या सातला भेटू’ या वाक्याला उत्तर म्हणून येणाऱ्या ‘कूल’मध्ये ‘बरं’ यापलीकडे काही नसते. त्याच पिढीतील ‘ग्रूव्ही’ (झकास) हा शब्द आता एका ठरावीक काळाची आठवण म्हणूनच उच्चारला जातो. ‘कूल’ टिकला, कारण कपडे, माणूस, बेत किंवा नुसता होकार, कशालाही तो चालतो.

मराठीने हा शब्द घेतला तो मुख्यतः त्याच्या बोलीतल्या अर्थांसह. महेंद्रसिंह धोनीच्या ‘कॅप्टन कूल’ या बिरुदात मनाच्या शांतपणाचा जुना अर्थ शाबूत आहे, तर महाविद्यालयीन तरुणांच्या ‘कूल दिसतोस’मध्ये केवळ वाहवा आहे. तापमानासाठी मात्र ‘थंड’ आणि ‘गार’ यांनी आपली जागा सोडलेली नाही : यंत्राला ‘कूलर’ म्हणणारा माणूसही त्यातून येणारी हवा गारच म्हणतो.