शाकारणीच्या दिवसांतच वादळाची तयारी

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता आणि झोत १२० पर्यंत जात होते. हवामान खात्याचे इशारे वेळेवर आले होते. ऐन टाळेबंदीत किनाऱ्यालगतच्या हजारो लोकांना हलवलं गेलं, त्यामुळे माणसं वाचली. घरं मात्र उघडी पडली. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात कौलं, पत्रे गेले, आणि तोंडावर पावसाळा होता.

छप्पर जातं कसं, हे नीट समजून घ्यायला हवं. वारा छपरावर जोर देऊन ते मोडतो, असं आपल्याला वाटतं. खरं तर घरावरून वेगाने जाणारी हवा छपराच्या कडांशी आणि आढ्यापाशी फुटून वर उसळते. तिथे दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढलं जातं. ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १७ किलो वजनाइतका भरतो. वेग दुप्पट, म्हणजे १२० झाला, की तोच आकडा ६८ किलोंवर जातो. मंगळुरी कौलांचं वजन चौरस मीटरला पस्तीस-चाळीस किलो, पातळ पत्र्याचं जेमतेम पाच. निव्वळ वजनावर टिकून राहिलेलं छप्पर कुठल्या वाऱ्याला सुटेल, हे या आकड्यांवरूनच दिसतं.

त्यात वाऱ्याच्या बाजूची खिडकी किंवा दार फुटलं तर हवा आत भरते आणि छपराला खालूनही रेटा देते. पावसात छत्री उलटी होते तसं. बाहेरची ओढ आणि आतला रेटा मिळून जोर जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. म्हणून ‘वादळात खिडक्या उघड्या ठेवाव्यात, म्हणजे दाब सारखा होतो’ हा सल्ला घातक आहे. दारं-खिडक्या बंद करायच्या आणि आतून आडणे लावायचे.

कोकणात दरवर्षी एप्रिल-मेमध्ये घरं शाकारली जातात, म्हणजे पावसाळ्याआधी छप्पर उतरवून नीट केलं जातं. कौलं उतरतात, वासे-रीपा उघड्या दिसतात, सुतार घरी आलेला असतो. वादळाची खरी तयारी याच आठवड्यात होऊ शकते आणि ती फार खर्चाची नाही. कौल रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या आडव्या लाकडाला आणि ते लाकूड भिंतीला, अशी पकड सलग हवी. एक दुवा सैल राहिला तर बाकीच्यांचा उपयोग नाही. वासा नुसत्या खिळ्यावर बसलेला असतो. खिळा खाली दाबणारं वजन पेलतो, पण वर ओढलं की सहज निघतो. तिथे लोखंडी पट्टी वाशावरून वळवून दोन्ही बाजूंनी ठोकावी. सगळं छप्पर जमत नसेल तर कडेच्या दोन-तीन ओळी आणि आढ्यावरचे कोने, म्हणजे आढं झाकणारी कौलं, तरी तारेने बांधावेत, कारण ओढ तिथेच सर्वांत जास्त असते. पत्र्याच्या घरात कडेला हूक जवळजवळ लावावेत.

जुनी चौपाखी घरं या बाबतीत दुपाखी घरांपेक्षा बरी, कारण चारही बाजूंना उतार असल्याने वाऱ्यासमोर उभी त्रिकोणी भिंत येत नाही. रुंद वळचण मात्र वाऱ्याला आयती सापडते. पण मातीच्या भिंती पावसापासून वाचवायच्या तर ती कापताही येत नाही. निदान पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून सुटं बांधलं, तर पडवी उडाली तरी घर शिल्लक राहतं.

घराबाहेरचं काम एकट्यादुकट्याचं नव्हे. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१९ मध्ये ‘फनी’ आलं तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोक आधीच निवाऱ्यांत पोहोचले होते आणि मृत्यू ६४ झाले. मधल्या वीस वर्षांत तिथे निवारे बांधले गेले, आणि गावोगावी कुणी कुणाला घेऊन जायचं हेही ठरवलं गेलं. आपल्याकडे हे वाडीवार करता येईल: अंथरुणाला खिळलेलं कोण आहे, गरोदर कोण, शाळेच्या पक्क्या इमारतीची किल्ली कुणाकडे, या सगळ्याची यादी मेमध्येच तयार हवी. वादळाचा डोळा गावावरून गेला तर मध्येच वारा पडतो. तेव्हा घराकडे धावायचं नाही, हेही आधीच सगळ्यांना सांगून ठेवावं. थोड्याच वेळात तो उलट्या दिशेने येतो आणि पहिल्या झोतात खिळखिळं झालेलं सगळं त्यात पडतं.

‘निसर्ग’नंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. माडा-पोफळींखाली तारा गेल्या, विहिरींवरचे पंप बंद पडले, मोबाइलचे मनोरे मुके झाले. तेव्हा ग्रामपंचायतीकडे लाकूड कापायचं यंत्र आणि त्याचं इंधन असावं. पंप बसवले म्हणून रहाट काढून टाकले असतील, तर वाडीतल्या एका तरी विहिरीवर तो परत बसवावा.