खुनाआधीच्या नोंदी

'रागाच्या भरात पत्नीचा खून' ही बातमी चार ओळींत आटोपते. प्रत्यक्षात हा राग बहुतेकदा बराच आधीपासून शिजत असतो. ब्रिटनमधल्या गुन्हेशास्त्रज्ञ जेन मॉन्कटन स्मिथ यांनी ३७२ खून तपासले, तेव्हा धाक, पाळत, धमक्या असे टप्पे त्यांना वारंवार दिसले.

इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २०११ पासून अशा मृत्यूंचा आढावा कायद्याने होतो. खुनी कोण, हे न्यायालय ठरवतं. आढावा समिती विचारते : कुणाला काय माहीत होतं आणि पुढे काय झालं?

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे एकत्रित घटनाक्रम. पोलीस, दवाखाना, घरकुल विभाग आपापली दप्तरं उघडतात. तेही प्रकरणाशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याकडून. मग सगळ्या नोंदी तारखेनुसार एकाच तक्त्यात येतात. समजा, मार्चमध्ये दवाखान्याची नोंद : 'आवाज बसला, गिळताना त्रास.' एप्रिलमध्ये शेजाऱ्याचा फोन. पोलिसांचा शेरा, 'शाब्दिक वाद, तक्रार नाही.' मे महिन्यात तिचा वेगळ्या घरासाठी अर्ज. सुट्या वाचल्या तर किरकोळ नोंदी. एकाखाली एक ठेवल्या की दिसतं : गळा दाबला गेला असावा आणि ती आता घर सोडतेय. दोन्ही मोठ्या धोक्याच्या खुणा. जोडीदाराने आधी गळा दाबला असेल, तर पुढे खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त, असं २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं.

पण सातपट कशाच्या? मूळ शक्यताच लहान असते. या खुणा असलेल्या बहुसंख्य स्त्रिया मारल्या जात नाहीत, म्हणून 'एआय खून आधीच ओळखेल' या जाहिरातबाजीत खोट्या इशाऱ्यांचा ढीग दडलेला असतो. शिवाय शेवट ठाऊक असला की मागचं सगळं उघड वाटू लागतं. म्हणून समितीचा चांगला अध्यक्ष दवाखान्यातल्या नर्सला दोष देत बसत नाही. त्या दिवशी तिच्यासमोरच्या फॉर्मवर घरच्या मारहाणीचा प्रश्न होता का, ते पाहतो.

महाराष्ट्रात माता मृत्यूंचं अन्वेषण याच धाटणीने होतं. घरातल्या खुनानंतर मात्र आपल्याकडे फक्त आरोपपत्र.

तिकडेही सगळं आलबेल नाही. 'कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या, माहिती एकमेकांना कळवा' या शिफारशी अहवालामागून अहवालात येतच राहतात. २०२१ च्या कायद्याने प्रत्येक अहवालाची प्रत घरगुती अत्याचारविषयक आयुक्तांकडे पाठवणं बंधनकारक केलं, ते म्हणूनच बरं झालं.